जंगल पाहायचा हंगाम कोणता? माझं मत



दिवाळी झाली की फोनवर एकच प्रश्न सुरू होतो. "दादा, तुमच्याकडे जंगल आहे, वाघ पाहायला कधी येऊ?" नाशिकचे द्राक्षवाले विचारतात, सांगलीचे ऊसवाले विचारतात, कृषी विद्यापीठातले ओळखीचे साहेब लोकही विचारतात. आपलं वावर पेंचच्या जंगलाला लागून, म्हणून आपल्याला सगळं ठाऊक असंल असं लोकांना वाटते. एकेकाला सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. पटलं तर घ्या, नाही पटलं तर खाली लिहा.

पहिली गोष्ट. 'कोणता हंगाम चांगला' हा प्रश्नच अर्धा आहे. पेरणी कधी करू असं कोणी विचारलं तर आपण आधी त्यालाच विचारतो, बावा, काय पेरणार? जमीन कोणती? ओलीत का कोरडवाहू? जंगलाचंही तसंच. कोणतं जंगल आणि तिथं काय पाहायचं, हे ठरल्याशिवाय महिना सांगता येत नाही.

मोबाईलवर मात्र सगळ्या जंगलांना एकच नियम लावून राहिले लोक. कोरड्या दिवसांत जा, जनावर दिसते. हा नियम आपल्या विदर्भाच्या जंगलाला लागू आहे, सगळीकडे नाही.

आपलं जंगल पानगळीचं. साग, ऐन, धावडा, तेंदू, मोह, पळस. नागपूरला वर्षाला हजार-अकराशे मिलिमीटर पाऊस, तोही चार महिन्यांत. पुढचे आठ महिने झाडाला तग धरायची असते, म्हणून ते पानं टाकते. पानं गेली की जंगल उघडं पडते, नाले आटतात, जनावर पाणवठ्यावर येते. म्हणून दिसते.

सह्याद्रीचं सदाहरित जंगल वेगळं. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तिथलं झाड एकदम उघडं पडत नाही, उन्हाळ्यातही सावली दाटच राहते. तिथं मोठं जनावर पाहायच्या हट्टानं जाऊन फायदा नाही. तिथली खरी दौलत पावसात बाहेर येते. उडता बेडूक पाण्यावर झुकलेल्या पानाला फेसाचं घरटं करतो, आंबोलीचा म्हणून ओळखला जाणारा छोटा भेक कातळावरच्या साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, हिरवा चापडा साप फांदीवर बसलेला दिसतो. तिथल्या हिरण्यकेशीच्या कुंडात मिळालेल्या एका नव्या माशामुळे २०२१ मध्ये त्या जागेला जैवविविधता वारसा स्थळ जाहीर केलं. म्हणजे आंबोलीला मे महिन्यात जाणारा माणूस रिकाम्या हातानं येईल आणि ताडोब्याला जुलैत जाणारा बंद गेट पाहून येईल. चूक जंगलाची नाही, उलटा हंगाम धरला त्याची.

आता आपल्या भागाचं. पेंच, ताडोबा, उमरेड-पवनी-कऱ्हांडला, बोर, नवेगाव-नागझिरा. सगळे नागपूरहून गाडीनं काही तासांत. महिन्यांप्रमाणे सांगतो.

जुलै ते सप्टेंबर गाभा क्षेत्र बंद. १ जुलैला गेट लागते, १ ऑक्टोबरला उघडते. बफरमधले काही रस्ते पावसाच्या अंदाजानं चालू राहतात. लोक सांगतात की पावसाळ्यात वाघाच्या जोड्या लागतात म्हणून बंद. तसं नाही. वाघीण वर्षात केव्हाही पिल्लं देते. मुख्य कारण आपल्या काळ्या मातीचं. पाऊस पडल्यावर आपल्याच वावरात बैलबंडी फसते, तिथं जिप्सी कशी चालंल? रस्ता तुटते, गाडी फसली तर आतमध्ये अडकते. आणि जंगलालाही तीन महिने निवांतपणा पाहिजे.

ऑक्टोबर. गेट उघडते, पण गवत पुरुषभर उंच. वाघ दहा हातांवर बसला असंल तरी दिसणार नाही. जंगल मात्र धुतल्यासारखं हिरवं, तळी भरलेली. ज्याला हिरवाई पाहायची त्यानं यावं. आपल्याला मात्र तेव्हा सोयाबीनची सोंगणी असते, मान वर करायला फुरसत नाही.

नोव्हेंबर ते जानेवारी. थंडी चांगली. पहाटेच्या उघड्या जिप्सीत कान दुखतात, मफलर-ब्लँकेट घेऊन या. हे दिवस पाखरांचे. तलावांवर चक्रवाक, पट्टकदंब हंस आणि बाहेरून येणारी बदकं उतरतात. नवेगावचा तलाव त्यासाठी पाहावा. गोंदियाकडे नशीब असलं तर सारसाची जोडी दिसते. सारस धानाच्या बांधीत घरटं करतो, तेही पावसाळ्यात. महाराष्ट्रात तो थोडाच उरला आहे आणि जो उरला तो धानवाल्या शेतकऱ्याच्या भरवशावर उरला. कृषीच्या पोरांनी हे आवर्जून पाहावं.

या दिवसांत एक गोष्ट टाळा, दिवाळीच्या सुट्ट्या आणि ३१ डिसेंबर. २०२४ च्या ३१ डिसेंबरला उमरेड-पवनी-कऱ्हांडल्यात गोठणगावच्या बाजूनं काय झालं ते बऱ्याच जणांनी व्हिडिओत पाहिलं. एफ-२ वाघीण आणि तिची पाच पिल्लं मधात, दोन्हीकडून गाड्या. तिला रस्ता सोडायलाही कोणी तयार नाही. पुढं नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. मी म्हणतो, वाघ पाहणं आणि वाघ घेरणं यात फरक आहे. आपण गाईला वासरापाशी जाताना आडवं होत नाही, मग वाघिणीला काहून होता?

एप्रिल ते जून. वाघ दिसायचे खरे दिवस हेच, हे मीही मान्य करतो. पाणी ठरावीक जागी उरते. वाघाला पाण्यात बसायला आवडते, दुपारी तो मागचे पाय पाण्यात टाकून पडलेला असतो. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री वन विभाग पाणवठ्यावरच्या मचाणावर लोकांना बसवतो, नाव नोंदवावं लागते. ज्याला रात्रीचं जंगल ऐकायचं त्यानं एकदा बसावं. पण ऊन ४५ अंशांच्या वर जाते. नवतपात लहान लेकरं आणि म्हातारी माणसं घेऊन जिप्सीत फिरणं म्हणजे दवाखान्याला आमंत्रण. दुपट्टा, पाण्याच्या बाटल्या, जमलं तर ताक सोबत ठेवा.

आता माझं मत. शेतकरी माणसानं जंगल पाहायला यायचं तर फेब्रुवारीचा शेवट ते होळी, हे पंधरा-वीस दिवस धरावे.

कारणं सांगतो. कपाशीची शेवटची वेचणी आटोपलेली असते. हरभरा निघाला असतो किंवा निघायला आलेला असतो. गहू अजून उभा असतो, चार दिवस घर सोडता येते. सागानं पानं टाकलेली असतात, म्हणजे नजर आत जाते. नाल्यात थोडं पाणी असते, म्हणजे जनावर तहानेनं बेजार झालेलं नसते. पळस फुललेला असतो, सारं जंगल केशरी दिसते. सावरीच्या फुलांवर पाखरांची गर्दी असते. सकाळी गारवा, दुपारी सोसंल एवढं ऊन. शिवाय दहावी-बारावीच्या परीक्षांमुळे शहरातली गर्दी कमी, सफारी मिळायची शक्यता जास्त. वाघ दिसायचा भरवसा मे महिन्याएवढा नाही, हे खरं. पण अस्वल, रानगवा, रानकुत्रे, सांबर, मोर, शेकडो चितळं, हे काही कमी आहे का?

नोकरीवाले म्हणतील, पोरांना सुट्टी मे महिन्यातच असते. बरोबर आहे. त्यांनी मे महिन्यात या. गाईड, जिप्सीवाला, खानावळवाला, सारे गावचेच पोट्टे आहेत. तीन महिने गेट बंद असते, त्याची भर त्यांना उन्हाळ्यातच काढावी लागते. पर्यटन नको म्हणणाऱ्यातला मी नाही. पण मे महिन्यात येताना जंगलात त्या वेळी आणखी कोण असते, हे माहीत करून या.

मोह मार्चच्या मध्यापासून गळायला लागते. पहाटे अंधारात घरातल्या बाया टोपली घेऊन झाडाखाली जातात, कारण उशीर झाला तर चितळ, अस्वल फुलं खाऊन जाते. मागोमाग एप्रिल-मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम. कोरडवाहू घराला खरिपाच्या बियाण्याचा पैसा इथूनच येतो. तेंदू तोडणारी बाई वाकलेली असते, चुपचाप असते, झुडपात असते. वाघाला ती माणूस दिसत नाही, जनावर दिसते. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्याच महिन्यात तिकडे सफारीच्या गाड्याही भरभरून चालू होत्या. हंगाम एकच. एकाला वाघ दिसला म्हणून पेढे, दुसऱ्याच्या घरी तेरावं.

इथं माझा खरा मुद्दा आहे. सफारीच्या गाडीला वाघ कुठं बसला ते पंधरा मिनिटांत कळते. समोरून येणारा जिप्सीवाला हातानं खुणावते, गाईड गाईडला सांगते. मग तीच माहिती गावच्या मोहवालीपर्यंत काहून पोचत नाही? कोणी म्हणंल, सफारीचं जंगल वेगळं, तेंदूचं वेगळं. कागदावर वेगळं आहे. वाघाला गेट माहीत नाही. बफरमध्ये सफारी चालते, त्याच बफरला लागून आमची वावरं आहेत.

ताडोब्याच्या काठी सीतारामपेठला कॅमेऱ्यानं वाघ ओळखून गावाला सूचना देणारी यंत्रणा बसवली. चांगलं काम आहे. पण प्रत्येक गावात महाग यंत्र येईपर्यंत थांबायची गरज नाही. सकाळच्या सफारीनंतर गाईडांनी जे पाहिलं ते गेटवरच्या फळ्यावर लिहावं. तिथून पोलीस पाटील आणि बचत गटाच्या ताईला एक फोन जावा. आज अमुक नाल्याकडं वाघीण पिल्लांसोबत आहे, तिकडे मोह वेचायला जाऊ नका. एवढंच. मार्च ते मे हे तीन महिने हा नियमच करावा, असं माझं म्हणणं.

कारण वाघ वाढले आहेत. महाराष्ट्रात २०१४ च्या गणनेत १९० होते, २०१८ ला ३१२, २०२२ ला ४४४. अभिमानाची गोष्ट आहे. पण जंगल त्या हिशोबानं वाढलं नाही. जास्तीचा वाघ बाहेर निघते, आणि बाहेर म्हणजे आपलं वावर. पाहुण्यांना वाघाचा हंगाम उन्हाळा. आम्हाला हिवाळाही आहेच. तूर आणि पऱ्हाटी डोक्याएवढी असते, वाघ आत बसला तर बाहेरून पत्ता लागत नाही. हरभऱ्याला पाणी द्यायचं तर लाइन रात्रीची. हातात बॅटरी, खांद्यावर फावडं, आणि धुऱ्यावर ताजे पंजे. रानडुक्कर आणि रोही वेगळेच. त्यांच्यासाठी जागल करावी लागते ती वेगळीच. दिवसा लाइन द्या ही आमची मागणी पाण्यासाठी आहेच, जिवासाठीही आहे.

म्हणून येणाऱ्यांना चार गोष्टी सांगतो.

एक, सफारी ऑनलाइन आधीच बुक करा, ओळखपत्र आणा. ताडोबा मंगळवारी बंद असते. गाभा क्षेत्रात मोबाईलला मनाई आहे, वाद घालू नका.

दोन, वाघ दाखव म्हणून गाईडवर दबाव टाकू नका. गोठणगावसारखे प्रकार तिथूनच सुरू होतात.

तीन, एकच मुक्काम असंल तर एक सफारी करा आणि एक दुपार काठच्या गावात घालवा. शेतकऱ्याच्या घरी जेवा. तो कुंपण कसं करते, कोणतं पीक जनावर सोडते, कोणतं खाते, हे विचारा. कृषीच्या विद्यार्थ्यांना हे कोणत्याच वर्गात मिळणार नाही. रात्री आकाश पाहा. पेंचला २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. चांदणं पाहायचं तर अमावास्येजवळचे दिवस धरा, पावसाळा सोडून.

चार, १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ. विडी-काडी जंगलात नको. आणि गावकऱ्यांनाही सांगतो, मोहाखालचा पाचोळा झाडून काढा, जाळू नका. एका झाडाखालची आग डोंगर खाते, आणि तिथला चितळ मग आपल्याच हरभऱ्यात येते.

जंगल पाहायचा हंगाम निवडताना आपली सुट्टी पाहा, वाघ पाहा, पण त्या दिवसांत तिथं कोणाची सुगी चालू आहे तेही पाहा. जमंल त्यानं होळीच्या आधी या.

तुमच्या गावाच्या आसपास गाईड लोकांकडून वाघाची खबर गावात पोचते का? कशी पोचते? जिथं चालू आहे तिथल्यांनी पद्धत खाली लिहा. यंदा मोह गळायच्या आधी ती चार गावांपर्यंत पोचवू.