मेंदूंतील बारीक रक्तवाहिन्या व घरांतील वृद्ध

घरांतील एखाद्या वडील माणसाची चाल मंदावली, उत्तर देण्यास विलंब लागूं लागला, किंवा नेहमींचा हिशेब जुळेनासा झाला, म्हणजे आपण ‘वय झालें’ असें म्हणून तो विषय सोडून देतों. कधीं तर ‘मुद्दाम करतात’ असाही शेरा मारला जातो. परंतु पुष्कळदां या मंदपणाचें मूळ मेंदूंतील अगदीं बारीक रक्तवाहिन्यांत असतें, हें आमच्या वाचकांनीं ध्यानांत घ्यावें.

मेंदूचें वजन शरीराच्या सुमारें २ टक्के. तथापि शरीरास लागणाऱ्या प्राणवायूपैकीं सुमारें २० टक्के त्यासच लागतो. त्याच्या खोल भागांस रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या अत्यंत बारीक असतात. रक्तदाब वर्षानुवर्षें चढलेला राहिला, त्यांत मधुमेह किंवा धूम्रपान यांची भर पडली, म्हणजे त्यांच्या भिंती जाड व ताठ होतात. मग मेंदूच्या निरनिराळ्या भागांस जोडणारे शुभ्र तंतू झिजतात, व कोठें कोठें ३ ते १५ मिलिमीटर रुंदीच्या पोकळ्या पडतात. येना येथील ओटो बिन्सवांगर यांनीं १८९४ सालींच अशा झिजेचें वर्णन केलें होतें.

हा रोग आरंभीं मुका असतो, एम्. आर्. आय्. चित्रांत तेवढे पांढरे डाग दिसतात. पुढें कामांचा क्रम लावणें जड जातें, पावलें आखूड पडतात, तोल जातो, लघवीची घाई होते, मन उदास राहतें. कोणाचा रोग हळूहळू, तर कोणाचा लहान लहान झटक्यांनीं पायरीपायरीनें वाढतो; कित्येकांचा दीर्घकाळ स्थिरही राहतो.

झिजलेले तंतू पूर्ववत् करणारें औषध नाहीं. वाढ मात्र मंद करतां येते. वरचा रक्तदाब १४० ऐवजीं १२० च्या खालीं ठेवण्याचा प्रयत्न केलेल्यांत हे डाग कमी वाढले, असें अमेरिकेंतील एका मोठ्या प्रयोगांत २०१९ सालीं दिसून आलें. अर्थात् वृद्धांचा रक्तदाब किती उतरवावा, हें वैद्यांनींच ठरवावें. तोंड एकाएकीं वांकडें झालें, हातपाय लुळे पडले किंवा वाचा अडखळली, तर क्षणही न दवडतां रुग्णालय गांठावें.

घरच्या मंडळींनीं महिन्यांतून एकदां तरी वडिलांचा रक्तदाब मोजवून टिपून ठेवावा. त्यांस एका वेळीं एकच गोष्ट विचारावी, आणि उत्तरास पुरेसा अवसर द्यावा.