सामूहिक लघुपटाचा हिशेब

विद्यार्थ्यांच्या लघुपटांच्या संदर्भात ‘सामूहिक निर्मिती’ हा शब्द हल्ली फार सढळपणे वापरला जातो. लघुपट तयार होतो, तो दाखवला जातो, पाहुणे कौतुकाचे दोन शब्द बोलतात आणि मग सहभागी विद्यार्थ्यांकडून सिंहावलोकन मागितले जाते. ‘आम्ही संघभावना शिकलो’ हे त्याचे ठरलेले उत्तर. कथा कोणी ठरवली, कॅमेरा कोणाच्या हाती होता, कोणते दृश्य कोणाच्या हुकमाने कापले गेले आणि तयार चित्राची प्रत कोणाच्या कपाटात गेली, हे कोणी विचारत नाही. जेथे हे विचारले जात नाही तेथे सामूहिकता नसते. असते ती गोंडस नाव दिलेली वेठ.

हरसूलसारख्या ठिकाणी या प्रश्नाला विशेष धार येते. नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर तालुक्याचा हा पश्चिमेकडचा, गुजरातच्या सीमेलगतचा टापू कोकणा, वारली, महादेव कोळी, ठाकर यांचा. पावसाळ्यात येथे आभाळ फाटते आणि उन्हाळ्यात बायका हंडे घेऊन मैलोगणती चालतात. भात, नागली, वरई निघाली की कुटुंबेच्या कुटुंबे द्राक्षबागांवर आणि बांधकामांवर मजुरीला बाहेर पडतात. या भागाला कॅमेरा नवा नाही. खोल विहिरीत उतरणारी बाई त्याने अनेकदा टिपली आहे. ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च १२ मार्चला मुंबईत पोहोचला, तेव्हा वनहक्कांसाठी चालणाऱ्या आदिवासींचे रक्ताळलेले तळपाय देशभर दिसले. दहावीच्या परीक्षार्थींना त्रास होऊ नये म्हणून याच माणसांनी शेवटची रात्र चालून काढली होती. त्यांचे पाय जगाने पाहिले. त्यांची नजर मात्र पडद्यावर आली नाही. आदिवासी हा दृश्याचा विषय राहिला, दृश्याचा कर्ता झाला नाही. शाळेतला लघुपटही हीच वाटणी कायम ठेवणार असेल, तर त्याला शिक्षण का म्हणावे?

गंमत अशी की भारतीय चित्रपटाचा जनक याच तालुक्याचा. दादासाहेब फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरी झाला. त्यांची सुरुवातही एका लघुपटानेच झाली. कुंडीत वाढणाऱ्या वाटाण्याच्या रोपाची चित्रे दिवसांमागून दिवस टिपून त्यांनी ‘अंकुराची वाढ’ केला आणि त्या बळावर भांडवल उभे केले. ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत झळकला. त्यामागे सरस्वतीबाई फाळके यांचे दागिने होते. फिल्मला छिद्रे पाडण्यापासून साऱ्या मंडळींच्या स्वयंपाकापर्यंतचे त्यांचे श्रम होते. तरीही ‘जनक’ ही पदवी एकट्या दादासाहेबांची झाली. फाळक्यांचे मोठेपण यामुळे उणावत नाही. पण श्रम अनेकांचे आणि नाव एकाचे, ही रीत चित्रपटाइतकीच जुनी आहे, एवढे त्यावरून सिद्ध होते.

ही रीत मोडण्याचा प्रयत्न महाराष्ट्रात झालेला आहे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून बाहेर पडलेल्या तरुणांनी ‘युक्त’ ही सहकारी संस्था काढली आणि १९७६ साली तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’वर चित्रपट केला. दिग्दर्शनाचे श्रेय मणि कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा आणि कमल स्वरूप यांनी वाटून घेतले. ‘कला ही एकाच प्रतिभेची निर्मिती असते’ म्हणणाऱ्यांना ते सडेतोड उत्तर होते. परंतु निर्मिती सहकारी झाली तरी वितरण बाजाराच्याच हाती राहिले. चित्र दुर्मिळ झाले आणि बर्लिनच्या आर्सेनल संस्थेने जपलेल्या प्रतीमुळे पुढे पुन्हा पाहता आले. पेशवाईतल्या पुण्यावरचा मराठी चित्रपट पाहण्यासाठी बर्लिनच्या कपाटाकडे हात पसरावा लागावा, यापरता धडा कोणता? हाती कॅमेरा येणे ही निम्मी लढाई. प्रत आणि पडदा हाती येणे ही उरलेली निम्मी.

‘पण या मुलांना तंत्र कुठे येते?’ असा आक्षेप येईल. तो घेणाऱ्यांनी एकदा बोहाडा पाहावा. हरसूल, पेठ, मोखाडा, जव्हार या पट्ट्यात गावेच्या गावे रात्रभर मुखवटे घालून देवादिकांची सोंगे नाचवतात. सोंग कोणी घ्यायचे, कोणामागून कोण यायचे, संबळ केव्हा चढवायचा, हे सारे गाव ठरवते. सामूहिक कलेचे पाठ या मुलांना शहरातून येणाऱ्या प्रशिक्षकाने द्यावेत, हा उलटा न्याय आहे. आणि तंत्राचेच म्हणायचे तर १९८४ साली अहमदाबादेत ‘सेवा’ संघटनेच्या कष्टकरी स्त्रियांनी व्हिडिओचे चित्रण आणि संकलन शिकून घेतले; त्यांपैकी कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. आज तर कॅमेरा मोबाइलमधून खेड्यापाड्यांत पोहोचला आहे. उणीव यंत्राची नाही. निर्णय सोडून देण्याची वडीलधाऱ्यांची तयारी नाही.

यात पुरोगामी कार्यकर्त्यांनाही मोकळे सुटता येणार नाही. शिबिरात मुलांच्या तोंडी तयार घोषणा द्यायच्या आणि त्यालाच मुलांचा आवाज म्हणायचे, ही सवय चळवळीलाही आहे. व्यसनमुक्तीचा आणि स्वच्छतेचा उपदेश मुलांकडून वदवून घेणारा अधिकारी आणि क्रांतीचा उपदेश वदवून घेणारा कार्यकर्ता, दोघेही संवाद आधी लिहून आणतात. आई-बाप मजुरीला गेल्यावर धाकट्या भावंडाला सांभाळणाऱ्या मुलीला त्या दिवसाविषयी काय दाखवायचे आहे, हे दोघांनीही विचारलेले नसते. तिने कदाचित मोर्चा दाखवण्याऐवजी बंद दार दाखवले असते. ते दार समजून घेणे हेही राजकारणच आहे.

म्हणून हरसूलमध्ये असा लघुपट होईल तेव्हा कार्यकर्त्यांनी चार गोष्टींचा आग्रह धरावा. विषय मुलांच्या सभेत ठरावा. संवाद त्यांच्या बोलीत असावेत आणि त्यांना ‘शुद्ध’ करण्याचा उपद्व्याप कोणी करू नये. संकलनाला मुले बसावीत. पहिला खेळ पाड्यावर व्हावा आणि प्रत गावात राहावी. त्यानंतरचे सिंहावलोकन हे आभाराचे भाषण नसावे. कोणी काय ठरवले, कोणी काय वाहिले, कोणाचे म्हणणे डावलले, याचा जाहीर हिशेब पाड्यासमोर मांडला जावा. रोजगार हमीच्या हजेरीपटावरील खोटी नोंद ओळखणाऱ्या आई-बापांच्या मुलांना श्रेयनामावलीतली खोटी नोंदही ओळखता येते. ती मोठ्याने वाचून दाखवण्याचा अधिकार तेवढा त्यांना मिळाला पाहिजे.