'टाइमपास' कवी आणि विशारदचं पुस्तक

गेल्या वर्षी कॉलेजच्या काव्यवाचन स्पर्धेत मी होस्टेलच्या डाळीवर कविता म्हटली. पब्लिक लोटपोट! नंतर परीक्षक म्हणाले, "छान टाइमपास केलास. आता एखादी खरी कविता लिही." डोकंच फिरलं.

त्याच आठवड्यात ताईचं 'संगीत विशारद' हाती लागलं. जाडजूड पुस्तक, त्यात थाट, राग, ताल, सगळं एकदम गंभीर. लेखक 'वसंत', प्रकाशक संगीत कार्यालय, हाथरस. आता गंमत ऐका. हे वसंत म्हणजे काका हाथरसी! हिंदी कविसंमेलनांत हजारोंना हसवणारे दाढीवाले काका.

खरं नाव प्रभुलाल गर्ग. जन्म १९०६, उत्तर प्रदेशातल्या हाथरसचा. तान्हे असतानाच प्लेगने वडील गेले, बालपण हलाखीत गेलं. एका नाटकात 'काका'ची भूमिका केली आणि ते नाव आयुष्यभर चिकटलं. १९३२ मध्ये त्यांनी संगीत कार्यालय काढलं, १९३५ मध्ये 'संगीत' मासिक. आपल्या भातखंड्यांनी मराठीत लिहिलेली 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' हिंदीत छापली तीही याच कार्यालयाने. म्हणजे स्टेजवर हशा आणि घरी प्रुफं!

आता त्यांच्या कवितेकडे बघा. आवडता छंद कुंडलिया. सहा ओळी, प्रत्येक ओळीत २४ मात्रा. आधी दोहा, मग त्याचाच शेवटचा तुकडा उचलून पुढच्या चार ओळी. ज्या शब्दाने सुरुवात त्याच शब्दावर शेवट, हा जुना नियम काकांनी सैल सोडला, चाल मात्र सोडली नाही. विषय साधे असायचे: लाचखाऊ बाबू, पुढारी, नावाला न शोभणारी माणसं. आपल्याकडे 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' म्हणतात ना, त्यावर त्यांची अख्खी कविता आहे. ऐकणाऱ्याला मात्रा दिसत नाहीत, पण हशा नेमका कुठे फुटणार हे त्या मात्राच ठरवतात. ओपन माइकवर आम्ही 'टायमिंग टायमिंग' करतो ते हेच की! फरक इतकाच, आम्ही अंदाजाने मारतो आणि काका मोजून मारायचे.

सगळंच डोक्यावर घ्यावं असं नाही. 'काकी'वरचे, म्हणजे बायकोवरचे विनोद आज शिळे वाटतात, काही तर खटकतात. पण म्हणून अख्खा माणूस 'हलकाफुलका' या कप्प्यात टाकायचा? रडवणाऱ्या कवितेला आपण न मोजताच मार्क देतो, हसवणारीला मोजूनही देत नाही. १९८५ मध्ये काकांना पद्मश्री मिळाली, तरी आमच्या वर्गात हास्यकवी म्हटलं की गॅदरिंगचा फिलरच आठवतो.

१८ सप्टेंबर १९९५ रोजी काका गेले. वाढदिवसही तोच. त्यांच्या इच्छेप्रमाणे अंत्ययात्रा उंटगाडीवरून निघाली आणि स्मशानात कुणी रडायचं नाही म्हणून हास्यकविसंमेलन भरलं. असं सांगून जायला काय जिगर लागत असेल यार!

यंदा स्पर्धेत मी पुन्हा डाळच घेऊन जाणार आहे. पहिल्या चार ओळी मोजून झाल्यात. पाचवीत दोन मात्रा जास्त होतायत. ताई हाताने ताल धरून बसलीये आणि म्हणतेय, "'पातळ' शब्द काढ." पण पातळ काढलं तर डाळीत उरतं काय?