‘आता काय बाई, दोन महिने सुट्टी!’

एप्रिल संपला, की गल्लीत, बसस्टँडवर, भाजीबाजारात, जिथं जावं तिथं एकच वाक्य कानावर येतं. “आता काय बाई, दोन महिने सुट्टी! मजा आहे तुमची.” म्हणणारीच्या मनात वाईट काही नसतं. मीही “हो ना” म्हणून हसते आणि पुढं जाते. पण मैत्रिणींनो, तुमच्याशी मोकळेपणानं बोलता येतं म्हणून आज या मजेचा थोडा हिशेब मांडते. तुमच्यातल्या कितीतरी जणी माझ्यासारख्याच घर सांभाळून शाळेत चार तासिका घेत असतील. त्यांना यात नवं काही सापडायचं नाही. बाकीच्या जणींना मात्र शेवटी एक काम सांगणार आहे, आणि ते मे महिन्यातच करायचं आहे.

आमचा साकोली तालुका भंडारा जिल्ह्याच्या पूर्वेच्या अंगाला. एकीकडे राष्ट्रीय महामार्ग, दुसरीकडे नागझिऱ्याचं जंगल. इथला उन्हाळा विदर्भाबाहेरच्या मैत्रिणींना सांगून कळायचा नाही. मार्चमध्येच शाळा सकाळची होते. साताला भरते, आणि अकरा-सव्वाअकराला सुटते तेव्हा रस्त्याच्या डांबरात चपला चिकटत असतात. पूर्वी आमच्याकडच्या बहुतेक शाळा परीक्षा लवकर आटोपून मोकळ्या होत. २०२५ साली मात्र पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनं साऱ्या राज्याला एकच वेळापत्रक लावलं. पहिली ते नववीच्या परीक्षा ८ ते २५ एप्रिल, आणि निकाल १ मे रोजी! मधल्या पाच दिवसांत पेपर तपासायचे, गुण चढवायचे, प्रगतिपुस्तकं लिहायची. शिक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनी त्यावर बरीच ओरड केली. विदर्भाचं ऊन हाही त्यातला एक मुद्दा होता. पुण्यामुंबईची मुलं काही थंडीत पेपर लिहीत होती असं नाही, पण पंख्याची वीज गेलेल्या वर्गात चव्वेचाळीस अंशांत दहा वर्षांचं पोर भागाकार करतं तेव्हा त्याच्या कपाळावरचा घाम उत्तरपत्रिकेवर टपटप पडतो. ते पाहिलेल्या बाईला वेळापत्रकाकडे थंड डोक्यानं पाहता येत नाही. आणि सुट्टीचं म्हणाल, तर २०२४ साली राज्यातल्या इतर शाळा १५ जूनला आणि विदर्भातल्या १ जुलैला उघडल्या होत्या. २०२५ साली इतर शाळा १६ जूनला उघडल्या आणि आमच्या २३ जूनला. पंधरवड्याचं अंतर आठवड्यावर आलं. इथल्या जूनची धग ठाऊक असलेली आई तो आठवडा हलका समजत नाही.

पण उन्हापेक्षाही आमच्या वर्गाला जास्त पोखरतो तो मोहा. मोहाची फुलं पहाटे गळतात. ऊन चढायच्या आत ती वेचावी लागतात, नाहीतर गुरंढोरं आणि रानातली जनावरं त्यावर ताव मारतात. म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये उन्हामुळं आम्ही शाळा सकाळी घेतो, आणि नेमक्या त्याच वेळी अर्धा वर्ग आईबापांबरोबर मोहाखाली वाकलेला असतो! पाचवीतल्या एकाला मी विचारलं, “का रे, तीन दिवस कुठं होतास?” तर म्हणतो, “मोहा येचाले गेलतो जी.” आवाजात ना भीती, ना लाज. काम करून आलेल्या माणसाचा आवाज. आता त्याला रागवायचं तरी कोणत्या तोंडानं? त्या मोहावर घरात तेल-मीठ येतं, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. मोहा संपतो न संपतो तोच एप्रिलअखेरीला तेंदूपत्ता सुरू होतो. पहाटे जंगलात पानं तोडायची आणि दुपारी सगळं घर मिळून पुडे बांधायचे.

निकालाच्या आठवड्यात घरी काय होतं ते तुम्ही ओळखलंच असेल. स्वयंपाकघरात भाताला वाफ येते तोवर ओट्याच्या कोपऱ्यावर दोन पेपर तपासून व्हायचे. कूलरच्या वाऱ्यानं कागद उडू नयेत म्हणून गठ्ठ्यावर वरवंटा ठेवलेला. सासूबाईंनी पापड्यांसाठी तांदूळ भिजवलेले आणि त्यांचं एकच पालुपद, “अगं, ऊन वाया चाललंय.” शेवटी आम्ही वाटणी करून घेतली. पापड्या आणि कुरड्या त्यांच्याकडे, आणि सरगुंडे माझ्याकडे, तेही २ मेनंतर. मैत्रिणींनो, अशी तारीख आधीच बोलून ठेवली म्हणजे धुसफूस होत नाही, हा माझा अनुभव.

आता पैशाचं. तासिकेवर शिकवणाऱ्या बाईला घंटा वाजली तरच पैसे. मला महिन्याला साधारण नऊ हजार पडतात, तेही दहाच महिने. आपण समजतो, की ओढ मेमध्ये लागणार. तसं होत नाही. एप्रिलचे पैसे मेच्या सुरुवातीला हातात येतात आणि ते आंबे, पाहुणे, लग्नातले आहेर यांत कसे विरघळतात ते कळतही नाही. खरा खडखडाट जून आणि जुलैत होतो. शाळा उघडून जुलैचे पैसे ऑगस्टात मिळायचे, आणि वह्या, गणवेश, छत्र्या, दप्तरं, सगळं नेमकं त्या दोन महिन्यांत! म्हणून मी एक साधा हिशेब धरला आहे. दर महिन्याच्या पैशांतला सहावा हिस्सा वेगळ्या बचतखात्यात टाकायचा. नऊ हजारांतले दीड हजार. दहा महिन्यांचे पंधरा हजार होतात, म्हणजे जून आणि जुलै दोन्ही महिन्यांना साडेसात हजार. आणि वर्षभर हातात तेवढेच साडेसात हजार खर्चाला राहतात. बाराही महिने सारखे. यात शहाणपण फार नाही, पण पहिल्या महिन्यापासून केलं तरच जमतं. त्या खात्याचं एटीएम कार्ड मी मुद्दामच घेतलेलं नाही. आणि “बायको मास्तरीण आहे, मग जूनमध्ये पैसे का मागते?” हा प्रश्न ज्या घरांत निघतो, तिथं हा हिशेब एकदा कागदावर लिहून नवऱ्यापुढं ठेवावा. तोंडी सांगितलेलं घरात कुणी ऐकत नाही.

आता ते काम.

२००९ चा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तेव्हापासून आठवीपर्यंत कुणाला त्याच वर्गात ठेवायचं नाही, असा नियम होता. २०१९ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या राज्यानं पाचवी आणि आठवीसाठी निर्णय बदलला. आता या दोन इयत्तांत वार्षिक परीक्षा पास व्हावी लागते. जो मुलगा राहतो, त्याला जादा शिकवणी द्यायची आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षा घ्यायची. तीही गेली तर वर्ष तिथंच. शाळेतून मात्र काढता येत नाही, एवढं लक्षात ठेवा.

नियम वाईट आहे असं मी म्हणत नाही. सातवीत येऊन जोडाक्षरं न वाचता येणारी मुलं मी शिकवली आहेत, आणि कुणालाच न अडवून आपण त्यांचं काही भलं केलं असं मला वाटत नाही. पण ही जादा शिकवणी मेच्या उन्हात कोण देणार? तासिकेवाल्या बाईची घंटा ३० एप्रिललाच थांबते. मुलं तेंदूपत्त्यावर. आणि आईबापांच्या डोक्यात अजून जुनाच नियम पक्का आहे, की आठवीपर्यंत सारेच पास! १ मे रोजी झेंडावंदनानंतर निकाल वाटला, तेव्हा एक आई प्रगतिपुस्तक घडी करून पिशवीत टाकून निघालीसुद्धा. हाक मारून थांबवलं, बोट ठेवून दाखवलं, तेव्हा ती म्हणाली, “म्हंजे नापास झाला का जी?” नापास नाही, अजून एक संधी आहे, हे समजावायला मला चांगली दहा मिनिटं लागली. सगळ्या आयांना अशी दहा मिनिटं कोण देत असेल?

तर मैत्रिणींनो, तुमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी असतील, वॉचमन असेल, इस्त्रीवाला असेल. त्यांचं मूल यंदा पाचवीत किंवा आठवीत होतं का, एवढं विचारा. असेल तर प्रगतिपुस्तक मागवून स्वतः वाचा. पुनर्परीक्षा लिहिलेली असेल तर कोणत्या विषयाची ते बघा आणि तारीख शाळेत विचारून घ्या. मग दिवसाला एक तास. फार नको. संध्याकाळी ऊन उतरल्यावर, तुमचा चहा चालला असताना. गाइडं आणू नका, त्याचंच पुस्तक पुरतं. गणित अडत असेल तर त्याच्या घरच्या कामातलं गणित घाला. आमच्या पाचवीतल्या एका मुलीला गुणाकार येत नाही, असं उत्तरपत्रिका सांगते. तिला मी विचारलं, तेंदूच्या एका पुड्यात पानं किती? “सत्तर.” मग शंभर पुड्यांत? “सात हजार.” पेन्सिल हातात न घेता! आठवडाभर मी तिला हेच कागदावर लिहायला लावणार आहे. हिशेब तिला येतोच, फक्त तो लिहून दाखवायची सवय नाही.

शिकायला आलेल्या मुलाला आधी ताक किंवा पन्हं द्या, मग वही उघडा. तहानलेल्या पोराच्या डोक्यात काही शिरत नाही. आणि जमेल तर त्याच्याबरोबर तुमच्या घरातलंही एक मूल बसवा. उपकार केल्यासारखं वाटत नाही, दोघांनाही.

माझ्या वर्गातली दोघं राहिली आहेत. मुलगा काल संध्याकाळी वही घेऊन आला होता. तेंदूच्या हिशेबाची मुलगी अजून आलेली नाही. तिचं घर तीन किलोमीटरवर आहे आणि दुपारभर ती पुडे बांधते. तिच्या आईचा फोन लागत नाही, म्हणून उद्या संध्याकाळी ह्यांना गाडी काढायला सांगितलं आहे.