सोळा आणे पराभव

२८ डिसेंबर २००८ रोजी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात, ग्रीन बे या गावी, डेट्रॉइट लायन्स हा व्यावसायिक फुटबॉल संघ ३१-२१ असा हरला. त्या मोसमातला तो त्याचा सोळावा सामना होता आणि सोळावा पराभवही. एखादी गोष्ट पुरेपूर झाली की आपण ती सोळा आणे झाली म्हणतो. सोळा सामन्यांच्या मोसमात सोळाही सामने हरण्याचा पराक्रम त्या साखळीत याआधी कोणी केला नव्हता. १९७६ साली टॅम्पा बे बकनियर्स हा संघ चौदाच्या चौदा सामने हरला होता, पण तेव्हा मोसमच चौदा सामन्यांचा होता. शिवाय तो संघ त्याच वर्षी जन्माला आलेला, इतरांनी नको म्हणून सोडलेल्या खेळाडूंवर उभा केलेला. नव्या पोराने धडपडावे यात नवल ते काय? लायन्स मात्र १९३४ पासून डेट्रॉइटमध्ये नांदत असलेले जुने घराणे होते.

अमेरिकन फुटबॉलशी आपला परिचय थोडा. पायापेक्षा हाताने अधिक खेळला जाणारा हा खेळ मुळात जमीन जिंकण्याचा आहे. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे. जमले तर आणखी चार प्रयत्न, नाही तर चेंडू प्रतिपक्षाकडे. कबड्डी पाहिलेल्या माणसाला त्यातले हद्दीचे नाते चटकन कळावे. पण माझा विषय या खेळाचे डावपेच हा नाही. संपूर्ण पराभव होतो कसा, त्याची किंमत कोण चुकवतो आणि त्यानंतर हात कोणाला दिला जातो, हे प्रश्न मला महत्त्वाचे वाटतात. आणि २००८ च्या डेट्रॉइटइतके त्यांचे स्वच्छ उत्तर क्वचितच कुठे मिळेल.

आकडे आधी पाहू. लायन्सने त्या मोसमात २६८ गुण केले आणि ५१७ दिले. म्हणजे प्रत्येक सामन्यात सरासरी पंधरा-सोळा गुणांची पिछाडी. यावरून कोणी म्हणेल की खेळाडूच कुचकामी होते. तसे नव्हते. कॅल्व्हिन जॉन्सन हा तरुण खेळाडू त्याच संघात होता. त्याने त्याच मोसमात १,३३१ यार्डांची कमाई केली आणि बारा वेळा चेंडू अंतिम रेषेपार नेला. तीन सामने तर चार किंवा त्याहून कमी गुणांनी हातचे गेले. १२ ऑक्टोबरला मिनेसोटाविरुद्धच्या सामन्यात डॅन ऑर्लोव्स्की हा चेंडूफेक्या प्रतिस्पर्ध्यांना चुकवता चुकवता, नकळत, स्वतःच्याच बाजूच्या मागच्या सीमारेषेबाहेर धावत गेला. त्याबद्दल मिनेसोटाला दोन गुण मिळाले आणि लायन्स १२-१० असे हरले. बरोबर दोन गुणांनी! ती धाव अमेरिकेत वर्षानुवर्षे हसण्यावारी नेली गेली. पराभवाची आठवण ठेवताना लोक नेहमी अशी एखादी केविलवाणी आकृती निवडतात. ते सोयीचे असते, कारण मग वरच्या मजल्यावर पाहावे लागत नाही.

वरच्या मजल्यावर काय होते? संघाचे मालक विल्यम क्ले फोर्ड, म्हणजे हेन्री फोर्डचे नातू. संघ १९६३ पासून त्यांच्या ताब्यात होता. त्यांनी २००१ साली संघाची सूत्रे मॅट मिलन यांच्याकडे सोपवली. मिलन खेळाडू म्हणून नामांकित आणि दूरचित्रवाणीवर समालोचक म्हणूनही लोकप्रिय. मात्र संघ बांधण्याच्या कामाचा अनुभव शून्य. २००३, २००४, २००५ या लागोपाठ तीन वर्षांत त्यांनी पहिल्या फेरीची अमूल्य निवड चेंडू झेलणाऱ्या खेळाडूंवर खर्च केली. घराला भिंती नाहीत आणि मालक दरवर्षी नवे झुंबर विकत आणतो आहे, असा तो प्रकार होता. प्रेक्षक मैदानात ‘मिलन यांना काढा’ असे फलक नाचवत होते, २००५ साली त्यांनी निषेध मोर्चाही काढला. मिलन जागेवरच राहिले. २००८ चे पहिले तीन सामने हरल्यावर खुद्द मालकांचे चिरंजीव बिल फोर्ड जाहीरपणे म्हणाले, की माझ्या हाती असते तर मी मोठे बदल केले असते. त्यानंतर दोनच दिवसांनी, २४ सप्टेंबरला, मिलन गेले. तोवर त्यांच्या कारकिर्दीत ३१ विजय आणि ८४ पराभव जमा झाले होते.

म्हणजे ही धूळधाण सोळा रविवारांची नव्हती, ती सात वर्षांची होती. पानिपत एका दिवसात होत नाही, हे मराठी माणसाला वेगळे सांगायला नको. रसद, सल्लागार आणि अहंकार यांचा हिशेब आधीच चुकलेला असतो. पण शिक्षा मात्र मैदानात असलेल्यांना होते. प्रशिक्षक रॉड मॅरिनेली हे सरळमार्गी, कष्टाळू गृहस्थ. बचावाचे प्रशिक्षक हे त्यांचे जावई. पंधराव्या पराभवानंतरच्या पत्रकार परिषदेत एका स्तंभलेखकाने त्यांना विचारले, की तुमच्या मुलीने याहून बरा बचाव-प्रशिक्षक नवरा म्हणून निवडायला हवा होता असे तुम्हाला वाटते का? हरणाऱ्याशी कसेही बोलले तरी चालते, असा समज जिथे रुजतो तिथे पराभव खेळापुरता राहत नाही. सोळाव्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी मॅरिनेलींना निरोप मिळाला. मालक मालकच राहिले.

आता त्याच महिन्यांतल्या त्याच शहराकडे पाहा. नोव्हेंबर २००८ मध्ये जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर या तीन मोटार कंपन्यांचे प्रमुख मदत मागण्यासाठी वॉशिंग्टनला गेले, ते कंपन्यांच्या खासगी विमानांतून. टीका झाली तेव्हा पुढच्या खेपेला मोटारीने गेले. १९ डिसेंबरला राष्ट्राध्यक्ष बुश यांनी जनरल मोटर्स आणि क्रायस्लर यांना १७ अब्ज ४० कोटी डॉलरचे कर्ज जाहीर केले; फोर्डने ते घेतले नाही. २००९ साली मिशिगन राज्यातली बेकारी १४ टक्क्यांपलीकडे गेली. १९५० साली साडेअठरा लाख वस्ती असलेले डेट्रॉइट २०१० च्या जनगणनेत सव्वासात लाखांच्याही आत आले होते. जुलै २०१३ मध्ये तर या शहराने दिवाळखोरी जाहीर केली. ट्रॉय, नोव्ही, फार्मिंग्टन हिल्स अशा उपनगरांत मोटार उद्योगाच्या आधाराने स्थिरावलेली कितीतरी मराठी कुटुंबे आहेत. पुण्या-नाशिकच्या कारखान्यांतून अनुभव घेऊन गेलेल्या अभियंत्यांनाही तो हिवाळा सुखाचा गेला नसणार. लायन्सच्या पराभवाची बातमी या शहरात क्रीडापानावर आणि अर्थपानावर एकाच वेळी छापली जात होती, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

आणि इथेच या कथेतली खरी गंमत आहे. अमेरिका ही मुक्त स्पर्धेची भूमी, जो हरेल तो बुडेल हा तिचा घोष. पण तिथली फुटबॉल साखळी मात्र चक्क समाजवादी आहे! दूरचित्रवाणीचे प्रचंड उत्पन्न सर्व संघांना सारखे वाटले जाते. १९९४ पासून खेळाडूंच्या एकूण वेतनावर मर्यादा आहे, म्हणजे श्रीमंत संघाने सगळे हिरे विकत घेऊ नयेत. आणि महाविद्यालयांतून येणाऱ्या नव्या खेळाडूंची निवड करताना पहिला मान मिळतो तो सर्वांत वाईट कामगिरी करणाऱ्या संघाला. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये तळाचे तीन संघ खालच्या श्रेणीत ढकलले जातात. अमेरिकेत तळाच्या संघाला पहिले ताट वाढले जाते.

त्यानुसार एप्रिल २००९ मध्ये लायन्सला मॅथ्यू स्टॅफर्ड हा गुणी चेंडूफेक्या मिळाला. त्याला दिलेल्या करारात ४ कोटी १७ लक्ष डॉलरची हमी होती. हा करार झाला २४ एप्रिलला. ३० एप्रिलला क्रायस्लरने आणि १ जूनला जनरल मोटर्सने दिवाळखोरीचा अर्ज केला. मोटार कामगारांच्या संघटनेने २००७ सालीच असा करार मान्य केला होता, की नव्याने लागणाऱ्या कामगाराला जुन्या कामगाराच्या जवळपास निम्मा पगार मिळेल. संकटात सापडलेल्या कारखान्यात नवा येणारा निम्म्यावर आला आणि संकटात सापडलेल्या फुटबॉल संघात नवा येणारा कोट्यधीश झाला. स्टॅफर्डचा यात काही दोष नाही. त्याला जे मिळाले ते नियमाने मिळाले. प्रश्न असा, की हरलेल्याला सावरण्याचा नियम एका शहरात फुटबॉल संघाच्या मालकाला लागू होतो आणि त्याच शहरातल्या जोडारी करणाऱ्या माणसाला का होत नाही?

यावर एक आक्षेप येईल आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. हरलेल्याला बक्षीस दिले तर हरण्याची चटक लागते, असे लोक म्हणतील. दाखलाही हाताशी आहे. क्लीव्हलँड ब्राउन्स या संघाने अनुभवी खेळाडू सोडून पुढल्या वर्षांच्या निवडी जमवण्याचे धोरण आखले. फळ काय? २०१६ मध्ये सोळांपैकी एक विजय आणि २०१७ मध्ये एकही नाही. सोळा आणे पराभवाच्या गादीवर लायन्सच्या शेजारी दुसरा संघ येऊन बसला. तिथल्या प्रेक्षकांनी ६ जानेवारी २०१८ रोजी कडाक्याच्या थंडीत स्टेडियमभोवती शून्याच्या आकाराची ‘परिपूर्ण मोसमा’ची मिरवणूक काढली आणि त्या निमित्ताने गरजूंच्या अन्नपेढीसाठी पैसेही जमवले.

मला ती मिरवणूक फार बोलकी वाटते. चटक लागली असेल तर ती व्यवस्थापनाला. प्रेक्षकांच्या वाट्याला कुडकुडणे आले आणि त्यातूनही त्यांनी दुसऱ्याच्या ताटात घास टाकला. याच शहराचा मूळ संघ त्याच्या मालकाने १९९६ साली उचलून बाल्टिमोरला नेला होता. १९९९ साली नवा संघ मिळेपर्यंत तीन वर्षे क्लीव्हलँडचे मैदान सुने होते. संघ ‘आपला’ म्हणायचा प्रेक्षकांनी आणि विकायचा किंवा हलवायचा मालकाने, असा हा व्यवहार आहे. म्हणून हरलेल्याला हात देण्याचे तत्त्व मला चूक वाटत नाही. तो हात चुकीच्या खिशापर्यंत पोचतो, हे चूक वाटते. मदत जरूर द्यावी, पण ज्यांच्या निर्णयांनी वाट लागली त्यांच्याकडून हिशेब घेऊन द्यावी.

असा हिशेब घेता येतो का? लायन्सला सोळावा पराभव दिला त्या ग्रीन बे पॅकर्सकडेच पाहा. जेमतेम लाखभर वस्तीच्या गावातला हा संघ कोणा एका कुबेराचा नाही. १९२३ पासून त्याचे समभाग सामान्य लोकांकडे आहेत. आज भागधारकांची संख्या पाच लाखांच्या वर आहे. त्यांना लाभांश मिळत नाही, समभाग बाजारात विकताही येत नाही. मिळतो तो भागधारकांच्या सभेत मत देण्याचा हक्क, आणि आपला संघ कोणी रातोरात उचलून नेणार नाही याची खात्री. अशा मालकीतही संघ हरतो, चुका होतात. पण सात वर्षे फलक नाचवूनही कोणी ऐकत नाही, अशी पाळी प्रेक्षकांवर सहसा येत नसावी. साखळीच्या नियमांत मात्र आता अशा नव्या संघाला जागा नाही; पॅकर्स हा जुना अपवाद म्हणून टिकला आहे. यशस्वी अपवादाला नियमाबाहेर ठेवण्याची ही हुशारी फक्त अमेरिकेतच आढळते असे नाही.

लायन्सचे पुढे बरे झाले. १९ लागोपाठ पराभवांनंतर २७ सप्टेंबर २००९ रोजी त्यांनी वॉशिंग्टनला १९-१४ असे हरवले. कॅल्व्हिन जॉन्सन मात्र उमेदीच्या तिशीतच, २०१६ साली, निवृत्त झाला. स्टॅफर्ड २०२१ मध्ये लॉस एंजेलिसला गेला आणि पहिल्याच मोसमात अजिंक्यपदाचा मानकरी ठरला. जानेवारी १९९२ नंतर लायन्सने बाद फेरीतला एकही सामना जिंकला नव्हता. तो योग आला १४ जानेवारी २०२४ रोजी, आणि तोही त्याच स्टॅफर्डच्या संघाविरुद्ध, एका गुणाने. बत्तीस वर्षे! त्या रात्री डेट्रॉइटमध्ये डोळे पुसणाऱ्यांत असे कितीतरी असतील, की ज्यांच्या बापाने २००८ साली नोकरी आणि सामना दोन्ही गमावले आणि पुढच्या रविवारी पुन्हा तीच निळी टोपी घातली. त्या निष्ठेच्या बळावर ही साखळी अब्जावधी डॉलर कमावते. सर्वांत वाईट संघाला पहिली निवड देणाऱ्या साखळीने आणि तिला कौतुकाने न्याहाळणाऱ्या देशाने एकदा तरी विचार करावा, की सोळा आणे पराभव सोसलेल्या त्या माणसासाठी पहिली निवड कुठे राखून ठेवली आहे?