कायदा दिल्लीत, सर्टिफिकेट पोर्टलवर, जळकं ऑईल माहुलच्या खाडीत

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण शेवटपर्यंत वाचा, कारण आज कंपन्यांना बोलणार आहे, सरकारला बोलणार आहे आणि आपल्यालाही सोडणार नाही.

माहुलच्या रस्त्यावर टँकर किती, गॅरेजं किती, पंक्चरवाले किती, बंदरावर इंजिनाच्या होड्या किती, हे माहुलकरांना सांगायला नको. या प्रत्येक गाडीतून, प्रत्येक इंजिनातून जळकं ऑईल निघतं. टायर झिजतात. साधा प्रश्न आहे: हे सगळं जातं कुठे?

थोडं भंगारवाला नेतो. तो पुढे कुणाला विकतो, कुणी विचारत नाही. काही सेंट्रिंगच्या फळ्यांना लागतं, काही भट्टीत जळतं, काही गाळून पुन्हा डब्यात भरलं जातं आणि 'नवीन' म्हणून आपल्याच गाडीत येतं. उरलेलं गटारात. गटार नाल्यात, नाला खाडीत. टायर मागच्या मोकळ्या जागेत नाहीतर खाजणाच्या कडेला. मग कुणीतरी आतली तार काढायला रात्री ते पेटवतो.

'एवढ्याशा ऑईलने काय होतं?' असं म्हणणाऱ्यांसाठी: अमेरिकेची सरकारी पर्यावरण संस्था सांगते की एका गाडीचं एका वेळचं जळकं ऑईल 10 लाख गॅलन गोडं पाणी खराब करू शकतं. त्यात इंजिनाच्या झिजेतले धातू असतात. ते चिखलात बसतात, आणि त्याच चिखलात आपल्या निवट्या आणि चिंबोऱ्या वाढतात. फ्लेमिंगो बघायला लोक कॅमेरे घेऊन येतात, तो चिखलही हाच. टायर जळला की बेंझिनसारखे विषारी वायू निघतात. न जळता पडून राहिला तर पावसाचं पाणी साचून डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत तयार. त्याची अंडी कोरड्या टायरलाही महिनोन्महिने चिकटून राहतात.

आता कायदा बघा. कायदा नाही असं नाही, चांगला कडक आहे. जळकं ऑईल 2016 च्या नियमांनुसार घातक कचरा आहे. जुलै 2022 मध्ये टायर कंपन्यांवर जबाबदारी टाकली: 2024-25 पासून, दोन वर्षांपूर्वी जेवढे टायर बनवले तेवढ्या 100 टक्के वजनाच्या पुनर्वापराचा हिशोब द्यायचा. सप्टेंबर 2023 मध्ये ऑईलचाही तसाच नियम आला, 1 एप्रिल 2024 पासून लागू. जो बेस ऑईल किंवा वंगण तेल बनवतो, आयात करतो, त्याने वापरलेल्या ऑईलची जबाबदारी घ्यायची.

आणि बनवतो कोण? मंडळी, देशातली सगळ्यात मोठी ल्यूब रिफायनरी आपल्या शेजारी आहे, एचपीसीएलच्या आवारात. म्हणजे इंजिन ऑईलचा मूळ माल जिथे तयार होतो, त्या भिंतीला लागून आपण राहतो. मग वापरलेलं ऑईल परत द्यायला माहुलच्या माणसाने कुठे जायचं? पाटी कुठे आहे? पिंप कुठे आहे? कुणाला ठाऊक असेल तर खाली कमेंटमध्ये पत्ता द्या, मी स्वतः जाऊन फोटो टाकतो.

गोम इथेच आहे. नियम टनांचा हिशोब मागतो, गावाचा मागत नाही. कंपनीने देशात कुठल्याही नोंदणीकृत रिसायकलरकडून सर्टिफिकेट विकत घेतलं की केंद्रीय मंडळाच्या पोर्टलवर तिचं काम फत्ते. कागद स्वच्छ, खाडी काळी. कुणी कायदा मोडलेला नसतो, तरी तुमच्या मागच्या डबक्यावर तवंग असतोच.

आणि 'रिसायकल' झालं म्हणजे सुटलो असंही नाही. जानेवारी 2025 मध्ये पालघर जिल्ह्यात वाडा इथे जुन्या टायरांपासून तेल काढणाऱ्या कारखान्यात स्फोट झाला. दोन बाया आणि दोन लेकरं गेली. इथला टायर गाडीत घालून नजरेआड केला, म्हणून संपत नाही. तो दुसऱ्या गरीब गावात पोचतो.

आता आपल्याबद्दल. मला माहितीये, काही जण म्हणणार, 'एवढ्या मोठ्या रिफायनऱ्या धूर सोडतात आणि हा पत्रकार आमच्या डबाभर ऑईलवर लिहितो.' दादांनो, याच माहुल-अंबापाड्याच्या लोकांनी हरित लवादात वर्षानुवर्षं भांडून 2020 मध्ये चार कंपन्यांवर मिळून 286 कोटींची भरपाई लावून घेतली. ती ताकद कुठून आली? आपण स्वच्छ होतो म्हणून. उद्या कंपनीचा वकील खाडीतल्या टायरांचे फोटो कोर्टात ठेवून विचारेल, 'प्रदूषण नक्की कुणाचं?' त्याला ते उत्तर आपण आयतं का द्यायचं? स्वतःच्या हाताने जाळ्यात ऑईल ओतून मासळी गेली म्हणून रडण्यात अर्थ नाही. आणि चार पैशांसाठी आपली मोकळी जागा टायर टाकायला देणाऱ्यांनो, डेंग्यूचा डास भाडेकरू आणि मालक असा फरक करत नाही.

म्हणून मागण्या सरळ आहेत:

1) माहुल-चेंबूरच्या प्रत्येक पेट्रोल पंपावर आणि ऑईलच्या दुकानात जळक्या ऑईलचं पिंप. त्यावर नेणाऱ्या अधिकृत संस्थेचं नाव आणि फोन, मराठीत.

2) बंदरावर होड्यांसाठी वेगळं पिंप. खर्च कंपन्यांनी करायचा.

3) पालिकेने टायर फक्त पावसाळ्याच्या तोंडावर नाही, दर महिन्याला ठरलेल्या तारखेला उचलायचे. आणि ते कुठे गेले ते वॉर्ड ऑफिसच्या फलकावर लिहायचं.

4) प्रदूषण नियंत्रण मंडळाने या भागातल्या अधिकृत ऑईल संकलकांची यादी जाहीर करायची.

5) आणि आपण? गॅरेजवाल्याला ऑईल बदलताना एवढंच विचारायचं, 'जुनं कुठे टाकणार?' उत्तर नाही मिळालं तर गिऱ्हाईक तुटलं म्हणून समजा, असं तोंडावर सांगायचं.

रिफायनरीची चिमणी आपल्या हातात नाही, पण ऑईलचा डबा आपल्या हातात आहे. तो नीट धरला, तरच चिमणीकडे बोट दाखवता येईल.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, पण पुढचा डबा गटारात ओतू नका.