पाहुणे, घंटा आणि थकबाकी

उन्हाळा आला की आमच्या घराची धर्मशाळा होते. ही तक्रार नाही, नुसती नोंद. घर न्यू जर्सीत, फिलाडेल्फियापासून पाऊण तासावर. त्यामुळे भारतातून आलेला प्रत्येक पाहुणा नायगारा आणि वॉशिंग्टन यांच्यामध्ये दोन दिवस आमच्याकडे टेकतो आणि आम्ही त्याला फुटकी घंटा दाखवायला नेतो. किती खेपा झाल्या ते मोजणं आम्ही केव्हाच सोडलं. घंटा पाहायची, तडा बोटाने दाखवायचा, फोटो काढायचा, समोरच्या इंडिपेंडन्स हॉलमध्ये रेंजरबाईंचं भाषण ऐकायचं, 'इथूनच हो इंग्रजांना हाकललं' असं एक वाक्य आपल्या पदरचं घालायचं आणि बाहेरच्या बाकावर बसून दशम्या-चटणी सोडायची, असा आमचा ठरलेला कार्यक्रम.

यंदा सौ.चे मामा आले. सातारचे. एस. टी.च्या हिशेब खात्यातून निवृत्त झाल्याला बरीच वर्षं झाली, पण नजर अजून खतावणीचीच. दशमीचा तुकडा मोडता मोडता त्यांनी विचारलं, "जावईबापू, यांचा आणि इंग्रजांचा तह केव्हा झाला म्हणालात?"

"१७८३ साली, मामा."

"आणि आपल्या शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं १८१७ च्या नोव्हेंबरात. चौतीस वर्षांनी. इथे मार खाल्लेला इंग्रज तिकडे जिंकला कसा?"

आम्ही एम. एस. केलं ते मेकॅनिकलमध्ये. दशमी घशात अडकली एवढंच. पण प्रश्न काही सुटेना. त्यात योगायोग असा, की आमच्या टेबलावर सध्या इथल्या नागरिकत्वाच्या परीक्षेची पुस्तिका पडलेली आहे. (त्याबद्दल पुढे.) त्या पुस्तिकेत 'स्वातंत्र्याचा जाहीरनामा केव्हा?' - १७७६, 'घटना केव्हा लिहिली?' - १७८७, असं सरळ आहे. मधली अकरा वर्षं हे लोक काय करत होते, ते पुस्तिका विचारत नाही. मग आम्ही लायब्ररीतून चार पुस्तकं आणली आणि मामांची झोप जेटलॅगमुळे पहाटे तीनला उडत होती त्या सगळ्या पहाटे आम्हा दोघांच्या चहात गेल्या.

चहावरून आठवलं. १७७३ साली ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला आणि त्याच वर्षी १६ डिसेंबरला बोस्टनच्या लोकांनी ३४२ पेट्या चहा समुद्रात टाकला. तो चहा कुणाचा? ईस्ट इंडिया कंपनीचा! कंपनी कर्जात बुडत होती, तिचा माल खपावा म्हणून पार्लमेंटने कायदा केला आणि इकडच्या वसाहती भडकल्या. म्हणजे मंडळी, शाळेत आपण दोन वेगळ्या धड्यांत शिकलो ते एकाच दुकानाचे दोन काउंटर होते. पुढे दोन्हीकडे लढाई जुंपली. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला मराठ्यांनी कंपनीच्या फौजेला गुडघ्यावर आणलं. ऑक्टोबर १७८१ मध्ये यॉर्कटाउनला वॉशिंग्टन आणि फ्रेंचांनी कॉर्नवॉलिसला शरण आणलं. तिकडे सालबाईचा तह १७८२ चा, इकडे पॅरिसचा १७८३ चा. आणि हाच कॉर्नवॉलिस १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला उतरला! त्याची कबर गाझीपूरला आहे. इथे नोकरी गेलेल्या माणसाला तिकडे बढती मिळावी तसलाच प्रकार.

हे सगळं आम्ही मोठ्या उत्साहाने सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "ते ठीक. पण इकडच्या फौजेचा पगार कोण देत होतं?"

हिशेब खात्याचा माणूस बरोबर तिथेच बोट ठेवतो बघा! कारण सगळी गोष्ट त्या एका प्रश्नात आहे. पगार कुणीच देत नव्हतं.

तेरा वसाहतींची तेरा राज्यं झाली होती आणि त्यांनी आपसात एक करारनामा केला होता. काँग्रेसने तो १७७७ मध्ये मंजूर केला, पण मेरीलँडने पश्चिमेकडच्या जमिनींवरून अडवून धरल्यामुळे लागू झाला मार्च १७८१ मध्ये. या करारात काँग्रेसला लढाई करता येत होती, तह करता येत होता, कर्ज काढता येत होतं. कर मात्र बसवता येत नव्हता. तिने राज्यांना पत्र लिहायचं की तुमची वर्गणी पाठवा. १७८२ सालासाठी ८० लाख डॉलर मागितले, वर्षभरात पाच लाखसुद्धा जमले नाहीत. मग म्हणाले, आयात मालावर पाच टक्के जकात तरी घेऊ द्या. पण करारात दुरुस्ती करायची तर तेराच्या तेरा राज्यांची संमती हवी. बारांनी बरं म्हटलं, इवलं ऱ्होड आयलंड नाही म्हणालं. झालं, जकात बुडाली. पुढच्या खेपेला न्यूयॉर्कने मोडता घातला.

(एका मंडळाच्या घटनेत असंच कलम आम्ही पाहिलं आहे: संस्थापक कुटुंबांपैकी एकाचाही विरोध असेल तर दुरुस्ती नाही. त्या मंडळाला दोन वर्षं वर्गणी वाढवता आली नाही आणि गणपती कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये बसला. नाव विचारू नका, आरतीला आम्हीही होतो.)

पगार थकला की शिपाई काय करणार? जून १७८३ मध्ये पेन्सिल्व्हेनियाच्या शिपायांनी, ज्या इमारतीत आम्ही पाहुण्यांना नेतो, तिलाच वेढा घातला. आत काँग्रेसची बैठक चालू. मंडळी तिथून जी निघाली ती आमच्या न्यू जर्सीत प्रिन्स्टनला येऊन बसली. जगातल्या बलाढ्य साम्राज्याला हरवलेलं सरकार आपल्याच शिपायांच्या थकबाकीला भिऊन पळालं! इतक्या खेपा त्या हॉलमध्ये घालून आम्ही हे पाहुण्यांना कधी सांगितलं नव्हतं. सांगायला माहीत तर हवं!

१७८६ च्या सप्टेंबरात व्यापाराचे तंटे मिटवायला ॲनापोलिसला बैठक बोलावली, तर पाचच राज्यांचे मिळून बारा लोक आले. त्याच सुमारास मॅसॅच्युसेट्समध्ये कर्जबाजारी शेतकऱ्यांनी, त्यात लढाईतून परतलेले बरेच, कोर्टं बंद पाडायला सुरुवात केली आणि जानेवारी १७८७ मध्ये स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चाल केली. तेव्हा कुठे सगळ्यांच्या पोटात गोळा आला.

मग मे १७८७ मध्ये फिलाडेल्फियात परिषद भरली. काम काय दिलं होतं? जुन्या करारात दुरुस्ती करा, एवढंच. आमच्या धंद्यात हा प्रसंग नेहमीचा. गिऱ्हाईक म्हणतं पंपाचं सील बदला. पंप उघडून पाहावा तर केसिंगलाच चीर. वर्क ऑर्डर दुरुस्तीची, आणि नवा पंप लावल्याशिवाय गत्यंतर नाही. काही जण सील बदलून बिल लावतात. या लोकांनी दारंखिडक्या बंद केल्या, बाहेर अवाक्षर जाऊ द्यायचं नाही असं ठरवलं आणि नवंच ड्रॉइंग काढायला घेतलं. फिलाडेल्फियाचा जुलै ज्यांनी सोसला आहे त्यांना बंद खिडक्या म्हणजे काय ते सांगायला नको. एकूण ५५ जण आले, काही कंटाळून, काही रागावून निघून गेले, शेवटी १७ सप्टेंबरला ३९ जणांनी सह्या केल्या. ऱ्होड आयलंडने कुणालाच धाडलं नाही.

सगळ्यात मोठं भांडण मोठ्या आणि छोट्या राज्यांचं. माणसांच्या संख्येवर मतं द्यायची की दर राज्याला सारखी? छोट्यांच्या बाजूने आमच्या न्यू जर्सीचे पॅटरसन उभे राहिले, म्हणून आमचा थोडा ऊर भरून येतो. १६ जुलैला एका मताच्या फरकाने तोड निघाली: एका सभागृहात संख्येप्रमाणे, दुसऱ्यात दर राज्याचे दोन. आणि त्याच तडजोडीत गुलामांची पाच माणसं म्हणजे तीन, असा हिशेब धरला गेला. मतं त्या गुलामांना नव्हतीच; त्यांच्या डोक्यांवर मालकांच्या राज्याला जागा वाढवून मिळणार. माणसं आणायचा व्यापारही १८०८ पर्यंत बंद करायचा नाही असं ठरलं. आणि 'गुलाम' हा शब्द मात्र घटनेत कुठेही येऊ दिला नाही. मामा म्हणाले, "नोंद केली, पण खात्याचं नाव खोटं लिहिलं." त्या नोंदीची वसुली पुढे यादवी युद्धात झाली.

आता खरी गंमत. तेराच्या तेरांची संमती मागितली असती तर हे कागद आजही तसेच पडले असते. म्हणून त्यांनी शेवटच्या कलमात लिहून टाकलं की नऊ राज्यांनी मान्य केलं की त्या नऊंपुरती घटना सुरू. जुन्या करारात हे बसत नव्हतं. पण निर्णय त्यांनी राज्यांच्या विधिमंडळांकडे न देता, लोकांनी त्यासाठीच निवडलेल्या परिषदांकडे दिला आणि त्या परिषदांत वर्षभर कडाकडा वाद झाले. नववं न्यू हॅम्पशायर, २१ जून १७८८. व्हर्जिनियात ८९ विरुद्ध ७९, न्यूयॉर्कमध्ये ३० विरुद्ध २७. विरोधकांनी नागरिकांच्या हक्कांची यादी हट्टाने मागितली आणि १७९१ मध्ये ती मिळवली. व्यापार तोडायचं बिल सेनेटने मंजूर केलं तेव्हा ऱ्होड आयलंडही मे १७९० मध्ये आलं, ३४ विरुद्ध ३२ मतांनी! त्याच वर्षी राज्यांची लढाईतली कर्जं नव्या सरकारने आपल्या अंगावर घेतली. हे ऐकून मामा एकदम खूश. "म्हणजे सगळी थकबाकी एका खतावणीत आणली. मग चालणारच."

"आणि आपल्याकडे?" आम्ही विचारलं.

मामा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "आपल्याकडे नाना होते. फडणीस. हिशेबाचाच माणूस." खरं आहे. नारायणरावांनंतर बारभाईंनी तान्ह्या सवाई माधवरावांच्या नावाने कारभार चालवला, ते जवळजवळ मंत्रिमंडळच. पण शिंदे, होळकर, गायकवाड, भोसले यांच्याकडून पुण्याने मागायचं आणि त्यांनी जमेल तसं द्यायचं, हे तसंच राहिलं. महादजी १७९२ मध्ये पुण्याला आले तेव्हाही हिशेबाचे वाद निघालेच. ते १७९४ मध्ये गेले, नाना १८०० मध्ये. व्यवस्था माणसांच्या अंगावर होती, माणसं गेली की जागा रिकामी. १८०२ च्या शेवटच्या दिवशी बाजीरावांनी वसईला कंपनीशी तह केला. १८०३ मध्ये शिंदे-भोसले असईला लढले, होळकर बाजूला राहिले. १८०४ मध्ये होळकर लढले, तेव्हा शिंद्यांचा तह होऊन गेला होता.

आपली मंडळी कमी अकलेची होती असं आम्हाला मुळीच वाटत नाही. अमेरिकनांना मध्ये समुद्र होता, फ्रेंचांचं आरमार होतं आणि व्हर्जिनियात १६१९ पासून निवडलेली सभा भरत होती. कागदावर भांडायची सवय दीडशे वर्षांची. तरी एक गोष्ट मनातून जात नाही. दोघांचीही एकी सैल होती, दोघांचीही वर्गणी थकली होती. तह झाल्यावर मिळालेल्या चार वर्षांत इकडे लोक एका खोलीत बसले. तिकडे सालबाईनंतर वीस वर्षं मिळाली होती.

शेवटच्या पहाटे मामांनी पुस्तिका उचलली. "ही तुमची? सही करणार तुम्ही?" आम्ही गप्प. अर्ज तीन वर्षं खणात आहे. चिरंजीव इथे जन्मले, ते मतदानाच्या वयाला येतील आणि आम्ही घरातले परके. पण शपथेतलं परक्या देशाची निष्ठा सोडण्याचं वाक्य आलं की हात थांबतो. शिवाय १७९० चा इथला पहिला नागरिकत्वाचा कायदा फक्त गोऱ्यांसाठी होता. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांना सुप्रीम कोर्टाने त्यातूनच बाहेर काढलं आणि आपल्याला दार उघडलं ते १९४६ मध्ये. आम्ही हे सारं मामांना सांगितलं, त्यांनी रागवावं अशी थोडी इच्छाही होती. रागावलं कुणी तर निर्णय सोपा होतो.

मामा चष्मा पुसत म्हणाले, "कर किती वर्षं भरताय इथे?"

"एकवीस."

"आणि मत एकदाही नाही?" त्यांनी पुस्तिका आमच्या पुढ्यात सरकवली. "अर्ज भरा. आणि जुन्या पासपोर्टच्या झेरॉक्स काढून ठेवा. प्रत्येक पानाची. एक संच माझ्याकडे द्या, साताऱ्याला कपाटात ठेवतो."

लायब्ररीत झेरॉक्स पानाला पंधरा सेंट. छत्तीस पानं, दोन संच. मामांनी पावती मागून घेतली.